उन्हुलीचा विस्तव

एक होता डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी होती तेरडेवाडी, आणि तेरडेवाडीच्या अगदी शेवटच्या घरात राहायची सगू. पूर्ण नाव सगुणा, पण एवढ्याशा पोरीला एवढ्या मोठ्या नावाने कोण हाक मारणार? सगळे आपले सगू, सगू करायचे. अंगात विटका निळा परकर, डोळे टपोरे, आणि बोलणं इतकं गोड की कोंबड्यासुद्धा तिचं ऐकून खुराड्यात जायच्या.

दसरा होऊन गेला होता. खरं तर आता पावसाने आपलं चंबूगबाळं आवरून निघायचे दिवस. माळावर सोनकीची पिवळीधमक फुलं डोलायची, कोवळं सोनेरी ऊन पडायचं, पोरांनी अंगणात बागडायचं! पण यंदा पाऊस काही हलेचना. निरोप घेऊन झाला तरी दारात गप्पा मारत उभा राहणारा पाहुणा असतो ना, तसा तो रेंगाळला होता. बरं, एकटा तरी असावा! सोबत बोचरा, गार गार वारा घेऊन आलेला. झाडं कुडकुडत होती, चिमण्या पिसं फुगवून वळचणीला बसल्या होत्या.

सगूचे बाबा बैलगाडी घेऊन बाजाराला गेले होते, आणि मधल्या नदीला पूर आला. बाबा पलीकडे, घर अलीकडे. पाणी उतरेपर्यंत ते येणार कसे? घरात होती आई, सगू आणि सगूची नवीकोरी, गुलाबी, इवलुशी बहीण. इतकी नवी की तिचं अजून बारसंही झालं नव्हतं. सगळे तिला नुसतं 'बाळी' म्हणायचे.

आता बाळ-बाळंतीण म्हटलं की त्यांना शेक हवा. बाजेखाली शेगडी ठेवायची, शेगडीत लालचुटुक निखारे, त्यावर चिमूटभर ओवा टाकायचा. मग छान खमंग धुरी होते आणि बाळ कसं गाढ झोपतं! तेव्हा घरोघरी काडेपेट्या नव्हत्या बरं का. चुलीतला विस्तव राखेत जपून झाकून ठेवायचा, सकाळी फुंकर घालून फुलवायचा. सगूची आई तर चूल पेटली की तिला हात जोडायची. म्हणायची, "बाई, आजही आलीस, उपकार झाले तुझे."

आणि त्या दिवशी पहाटे काय झालं? वाऱ्याने दोन कौलं सरकली, आणि पाण्याची धार थेट चुलीत! चुर्र झालं, वाफ उठली आणि विस्तव गेला. राखेचा नुसता चिखल झाला.

सगूने बाळीच्या पायांना हात लावला. पाय गार होते. आईने बाळीला पोटाशी घेतलं, पण आई स्वतःच थंडीने थरथरत होती. बाळी रडतही नव्हती. मोठ्याने रडायला अंगात ऊब लागते ना! ती आपली मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

"आई, मी विस्तव घेऊन येते," सगू म्हणाली. "मागून आणते कुणाकडून तरी."

तेरडेवाडीत ही रीतच होती. एखाद्याच्या चुलीतला विस्तव गेला की शेजारी जायचं, एका गोवरीवर निखारा मागून आणायचा. त्यात लाजायचं काही नसे. पण त्या दिवशी सगू या दारी गेली, त्या दारी गेली, तर कुणाच्या चुलीत पाणी, कुणाच्या चुलीत नुसती राख. अख्ख्या वाडीत एकाच छपरातून धूर निघत होता, गोजरामावशीच्या.

गोजरामावशी एकटी राहायची. ती आणि तिची तांबू गाय. मनाने वाईट नव्हती हो, पण एकट्या माणसाला कधीकधी फार भीती वाटते, सगळं संपून जाईल अशी. तिने दार अर्धंच उघडलं.

"मावशी, थोडा विस्तव द्याल का? आमची बाळी गारठली."

"अगं बाई, माझाच जेमतेम आहे! तुला दिला आणि माझा गेला तर? तांबूचे दिवस भरलेत. जा, दुसरीकडे बघ." असं म्हणून तिने दार लावून घेतलं. लावताना तिची मान खाली होती, पण लावलं.

सगू रडली नाही. रडत बसायला वेळ कुठे होता? तिला आठवलं, देवराईत वनदेवीपुढे दिवा असतो. त्या दिव्यावर एखादी वात पेटवून आणली तर? तिने डोक्यावर पानांचं इरलं घेतलं, इरलं म्हणजे पाऊस अडवायची टोपली म्हणा ना, आणि निघाली चिखलातून पचक पचक करत.

देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, असा वाडीचा नियम. सगू आत शिरली आणि पाहते तर एका जुन्या आंब्याच्या ढोलीत वाळक्या, कोरड्या खडखडीत काटक्या! साऱ्या ओल्या जगात तेवढ्याच कोरड्या. सगूचा हात पुढे गेला. मग तिने तो पटकन मागे घेतला, कुणी पाहत नव्हतं तरी. म्हणाली, "देवाचं ते देवाचं." आणि पुढे चालू लागली.

पण वनदेवीपुढचा दिवा शांत झालेला होता. वात भिजून गेली होती. सगू पायरीवर मटकन बसली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुणाकडे जायचं? घरी बाळीचे पाय अजून गार पडले असतील.

तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

फिच्!

सगूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी नाही.

फिच्! फिच्!

पायरीच्या कडेला तेरड्याची गुलाबी, जांभळी झुडपं दाटली होती. सगूने हळूच एक पान बाजूला केलं, आणि अहाहा! पानाखाली एक परी बसली होती. बोटभर उंचीची! झगा झेंडूच्या पाकळ्यांचा, केशरी आणि पिवळा. केसांत दवाचे चमचमते मणी. मनगटात सोन्याचा बारीक गोठ, आणि त्यावर तीन ठिणग्या लुकलुकत होत्या. पण बिचारीचे पंख! चतुराच्या पंखांसारखे नाजूक, झिरझिरीत पंख ओले होऊन पाठीला चिकटले होते. परीचं नाक लालेलाल झालं होतं.

"अगंबाई! तुम्ही तर परी आहात!"

"आहे खरी. फिच्!" परी म्हणाली. "माझं नाव उन्हुली. दसऱ्यानंतरचं कोवळं ऊन असतं ना, ते घरोघरी मी पोचवते. पण ढगांनी वाटच अडवली. मी खाली आले बघायला, तर पंख भिजले. आता ना उडता येतं, ना चालता येतं."

"थांबा हं, थांबा," सगू म्हणाली. तिने इरलं परीवर धरलं. स्वतःची पाठ भिजली तरी भिजू दे. मग परीला अलगद ओंजळीत घेतलं. "माझी ओंजळ फार गरम नाही हो, पण तुम्हाला पुरेल." आणि तिने पंखांवर हळूहळू श्वास सोडला, हाऽ हाऽ हाऽ, आरशावर सोडतात तसा. परकराचं आतलं कोरडं टोक घेऊन एकेक पंख टिपला. किती वेळ तरी ती तशी बसून होती. हळूहळू पंख सुटे झाले, थरथरले, आणि त्यांच्यावर निळे, हिरवे, सोनेरी रंग खेळू लागले.

परीने अंग झाडलं. देवराईत केशरी उजेडाचे थेंब उडाले.

"सगू, किती गुणाची पोर गं तू! कोरड्या काटक्यांनाही तू हात लावला नाहीस, मी पाहिलं. बोल, काय हवं तुला?"

आता बाळांनो, इथे जरा नीट ऐका. सगूच्या आईने तिला एक शिकवण दिली होती. तुमच्याही घरी देत असतील. कुणी काही देऊ केलं की लगेच हात पुढे करायचा नाही. बरं दिसत नाही! आधी 'नको' म्हणायचं. त्यांनी पुन्हा म्हटलं की पुन्हा 'नको' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग हसून घ्यायचं. लाडू असो, पेढा असो, रीत म्हणजे रीत.

तेव्हा सगू मान खाली घालून म्हणाली, "नको, काही नको."

टिंग! परीच्या गोठावरची एक ठिणगी विझली.

परीला नवल वाटलं. "काहीच नको? पुन्हा सांग, काय हवं तुला?"

"खरंच नको हो, कशाला उगाच तुम्हाला त्रास!"

टिंग! दुसरीही विझली.

आता सगू तयारच होती. तिसऱ्यांदा विचारतील आणि मी सांगेन! पण परीचा चेहरा गंभीर झाला. "सगू, आता एकच राहिली हं. परीच्या तीन इच्छा असतात. 'नको' म्हटलं की ती इच्छा गेली. आमच्याकडे नको म्हणजे नको."

"अगंबाई!" सगूने कपाळावर हात मारला. "पण… पण मला नको नव्हतं! म्हणजे मला हवं होतं! आमच्याकडे तसं म्हणायचं असतं!"

"हवं असताना नको म्हणायचं?" परीचे डोळे मोठ्ठे झाले. "गंमतच आहे तुम्हा माणसांची! मला नाही बाई हे कळत. पण नियमाला माझा इलाज नाही. शेवटची इच्छा तरी जपून माग."

सगूने डोळे मिटले. काय काय मागता आलं असतं! नवा जरीचा परकर, साखरेच्या बाहुल्या, न गळणारं छप्पर. पण मिटल्या डोळ्यांपुढे सारखे येत होते ते बाळीचे गार पाय.

"परीताई, मला विस्तव हवा. एवढासा चालेल. पण तो जायला नको."

परी खुदकन हसली. तिने गोठावरची शेवटची ठिणगी चिमटीत उचलली, तिच्यावर फुंकर घातली आणि सगूच्या ओंजळीत ठेवली. ठिणगी फुलत गेली, फुलत गेली, आणि पळसाच्या फुलासारखा लालकेशरी निखारा झाली. हाताला चटका नाही, काही नाही! नुसती ऊब. ती ऊब सगूच्या हातांतून खांद्यापर्यंत गेली, मग गालांपर्यंत.

"आता नियम ऐक," परी म्हणाली. "हा विस्तव पाण्याने जाणार नाही, वाऱ्याने जाणार नाही. याला लाकूड लागत नाही. पण दाराशी येऊन जो कुणी तुझ्याकडे विस्तव मागेल, त्याला द्यायचा. नाही म्हणायचं नाही. जेवढा देशील तेवढा हा कमी होईल. आणि दिलेला विस्तव पुन्हा मागायचा नाही. नियम मोडलास तर याची राख होईल."

"कमी होईल?" सगूचा चेहरा पडला.

"होईल. मी तुला खोटं कशाला सांगू?"

सगूने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मग वाकून नमस्कार केला. "परीताई, तुम्ही माझ्या बाळीला वाचवलंत. मी तुम्हाला कधी विसरणार नाही." आणि ती धूम पळत सुटली.

घरी आल्या आल्या तिने निखारा चुलीत ठेवला. काय सांगू तुम्हाला! भिजकी चूल क्षणात कोरडी झाली. भिंती केशरी झाल्या. काळवंडलेली भांडीसुद्धा चकाकू लागली. सगूने सरकलेली कौलं आतून पाटाने झाकली, थोडा विस्तव शेगडीत घेऊन बाजेखाली सरकवला, वर चिमूटभर ओवा टाकला. बाहेर पाऊस धो धो, धो धो, आणि आत मऊ मऊ ऊब. आईने पेज केली. मीठ घातलेली, तुपाचा थेंब सोडलेली पातळ पेज! सगू फुंकून फुंकून वाटीभर प्यायली. आईचं थरथरणं थांबलं. तिने चुलीला हात जोडले, मग सगूला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पोरी, आज तू माझी आई झालीस."

बाळीच्या बोटांवर गुलाबी रंग चढू लागला. तिने एकदा जांभईही दिली! पण रडली काही नाही. पाय अजून पुरते तापले नव्हते.

आणि मग दार वाजलं.

"सगू, विस्तव आहे का गं? तुमच्या छपरातून धूर दिसला." दारात मथुराकाकू, पदर डोक्यावरून ओढलेला, दात कडकड वाजतायत. सगूने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दे बाळा. सकाळी आपणही फिरलोच की." सगूने गोवरीवर विस्तव दिला. काकू म्हणाली, "देव तुझं भलं करो गं माझे बाई!" चुलीतला विस्तव तेवढा कमी झाला.

मग आला सोनबा गुराखी. मग म्हातारी साळूआजी, काठी टेकत. मग कोण, मग कोण. वाडीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? प्रत्येकाने मागितला, सगूने प्रत्येकाला दिला. जाताना जो तो तोंडभरून दुवा देऊन जायचा. एकेका छपरातून धूर निघू लागला आणि सगूला ते पाहून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला? पण दर वेळी ती चुलीकडे वळून बघायची. भाकरीएवढा होता तो लिंबाएवढा झाला. लिंबाएवढा होता तो बोराएवढा झाला. शेगडीतलाही देऊन संपला. दुपार कलायला लागली तेव्हा उरला हरभऱ्याएवढा एक लाल ठिपका. दमलेल्या आईचा डोळा लागला होता. सगूने तो ठिपका एका पणतीत घेतला आणि पणती बाळीच्या पायांशी धरून बसली. "आता कुणी येऊ नका हं," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

दाराबाहेर पाऊल वाजलं.

गोजरामावशी! नखशिखांत भिजलेली, ओठ निळे पडलेले. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, वळचणीच्या धारेखाली. आत यायला तयार नाही.

"मावशी, या ना आत. काय हवंय?"

मावशीने सगूच्या हातातली पणती पाहिली. तिचं तोंड उघडलं, मिटलं. सकाळचं लावलेलं दार तिला आठवलं असणार. "काही नको गं," ती म्हणाली. "काही नको. सहजच आले होते. येते मी."

आता पाहा हं. मावशीने विस्तव मागितला नव्हता. ती तर 'नको' म्हणाली होती! नियम असा, की मागेल त्याला द्यायचा. न मागणाऱ्याला नाही दिला तरी विस्तवाची राख होणार नव्हती. सगूने नुसतं गप्प बसायचं होतं. मावशी गेली असती, आणि बाळीला तेवढीशी तरी ऊब राहिली असती. सगूला हे सगळं कळत होतं. लहान होती, वेडी नव्हती.

पण सगूला आणखीही एक गोष्ट कळत होती, जी परीला कळली नव्हती. असलं 'नको' कसं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. अशा पावसात सहज कोण येतं? आणि सहज आलेल्या माणसाचे डोळे असे पाण्याने भरतात का?

"मावशी, खरं सांगा. तुमचा विस्तव गेला ना?"

मावशीने पदर तोंडाला लावला. "गेला गं. आणि तांबू आत्ताच व्याली. एवढंसं पाडस, ओलंचिंब, थडथड उडतंय. गोठा गळतोय. अंगात जीव धरत नाही त्याच्या. पण मी कुठल्या तोंडाने मागू तुझ्याकडे?"

सगूने बाळीकडे पाहिलं. बाळीचे ओठ चुटुक चुटुक हलत होते. "बाळी, तुला मी पोटाशी घेते हं," ती म्हणाली. "त्याला कुणी पोटाशी घेणारं नाही." आणि तिने पणती मावशीच्या हातात दिली. घर एकदम काळोखं झालं, गार झालं.

मावशी दोन पावलं गेली आणि थबकली. मागे वळून तिने चुलीत पाहिलं. काळी चूल, काळी शेगडी. "अगं, हा शेवटचा होता?"

दिलेला मागायचा नाही, असा नियम होता ना! सगूने फक्त बाळीला परकरात गुंडाळून छातीशी घट्ट धरलं.

गोजरामावशी जोरात रडली आणि जोरातच ओरडली, "वेडी का खुळी तू, पोरी! एका विस्तवाशी दोन लेकरं शेकत नाहीत होय? थांब तू इथेच!" आणि गेली की तरातरा पावसातून! सगू बघतच राहिली. थोड्या वेळाने बघते तर काय, मावशीच्या खांद्यावर पाडस, पदराआड पणती, आणि मागून हंबरत हंबरत तांबू गाय! सगळा लवाजमा घरात. मावशीने पणतीतला ठिपका चुलीत ठेवला, "घे गं बाई, तुझा तुला," म्हणाली, आणि पाडसाला चुलीजवळ पसरून त्याचं अंग पुसायला बसली. तांबू दारातच फतकल मारून बसली आणि तिने असे काही गरम गरम श्वास सोडले, फूऽऽ फूऽऽ, की वाऱ्याला आत यायला जागाच उरली नाही.

एवढ्यावर मावशी थांबते कुठली? दारात उभी राहून तिने साऱ्या वाडीला हाक घातली. "अगं मथुरेऽ, अरे सोनबाऽ! शेकत काय बसलात? जिने दिलं तिचीच चूल गार पडली रे!" मग काय! मथुराकाकू आली गरम विटेला फडक्यात गुंडाळून. साळूआजी आली आपली मऊ मऊ ठिगळांची गोधडी घेऊन. सोनबाने आणलं धारोष्ण दूध. आणि प्रत्येकाने न मागता, आपण होऊन, गोवरीवर एक एक निखारा आणला आणि चुलीत ठेवला.

शेवटचा निखारा चुलीत पडला मात्र, घरभर लख्ख सोनेरी उजेड झाला. चुलीच्या ज्वाळेत झेंडूचा झगा घालून उन्हुली उभी!

"सगू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज घुंगरांसारखा किणकिणला. "एक नियम परीने कधीच सांगायचा नसतो. दिलेला विस्तव मागून आणला तर त्याची राख होते. पण तो आपल्या पायांनी परत आला, तर पुन्हा कधीच कमी होत नाही. आता हवा तितका दे, हवा तितका वाट. आणि ही मावशी 'नको' म्हणत होती तेव्हा मी छपरावर होते हो! मला वाटलं, चला, हिला नको आहे. तू नसतीस तर त्या पाडसाचं काय झालं असतं? आज मी माणसांकडून शिकून चालले."

"परीताई," सगूने हात जोडले. तिला खूप बोलायचं होतं. "खूप खूप… तुमचे फार…"

आई जागी झाली होती. घरभर माणसं, गाय, पाडस, परी, आणि सगळीकडे उजेड पाहून ती आधी गोंधळली, मग सगूने जे म्हणायचं ते तिने म्हटलं. "परीबाई, बसा घटकाभर. गरम पेज घ्या."

"हो, घेते की!" परी पहिल्याच फटक्यात म्हणाली. सगळे खो खो हसले. ती टोपणभर पेज प्यायली, मिटक्या मारत. मग ती उडाली आणि बाळीच्या दोन्ही तळपायांवर तिने ओठ टेकले.

आणि बाळी रडली!

अशी रडली, अशी रडली की कौलं थरथरली! तांबूने कान टवकारले, पाडस धडपडत चारी पायांवर उभं राहिलं. लालबुंद चेहरा, मुठी आवळलेल्या, गरमागरम पाय हवेत झाडत बाळीने असा काही सूर लावला की शेवटच्या घरातलं रडणं वाडीच्या पहिल्या घरापर्यंत ऐकू गेलं. आणि घरातली माणसं? ती सगळी हसत होती आणि डोळे पुसत होती. मथुराकाकूने सगूच्या आईला मिठी मारली. गोजरामावशी म्हणाली, "रड माझे राणी, रड हवं तेवढं!" इतकं सुंदर रडणं तेरडेवाडीत पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

त्या आवाजात उन्हुली हळूहळू विरघळू लागली. आधी झगा केशरी उजेड झाला, मग पंख सोनेरी उजेड झाले, मग नुसती एक झगमग राहिली. ती झगमग छपरातून वर गेली, ढगांत शिरली, आणि ढगांना मधोमध एक भोक पडलं. त्यातून कोवळ्या उन्हाची तिरीप खाली आली. ती थेट नदीवर जाऊन टेकली, जिथे पलीकडच्या काठावर बैलगाडीशेजारी सगूचे बाबा भिजत उभे होते. त्यांनी कान दिला. पाण्याच्या आवाजातूनही त्यांना ते रडणं ऐकू आलं. आणि ते एकटेच, मोठ्याने, हसले.

तर अशी ही ऊब. पाऊस राहो पावसाच्या घरी, वारा राहो वाऱ्याच्या घरी. ज्याच्या चुलीत विस्तव, त्याच्या दारात शेजारी. आणि ज्याने ही गोष्ट ऐकली, त्याच्या पायांशी गोधडी.